बर्टनचे पेल एल : अनुकरण, अबकारी आणि घरगुती पुनर्निर्मितीचा इतिहास

प्रस्तावना

राजकीय इतिहासाच्या तुलनेत खाद्यपेयांचा इतिहास दीर्घकाळ दुय्यम मानला गेला. वस्तुतः एखाद्या पेयाच्या इतिहासात शेती, रसायनशास्त्र, वाहतूक, करव्यवस्था आणि साम्राज्यविस्तार हे सर्व धागे एकत्र गुंफलेले आढळतात. इंग्लंडमधील बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावी तयार होणारे 'पेल एल' हे याचे उत्तम उदाहरण होय. एकोणिसाव्या शतकात हे फिकट रंगाचे, कडवट चवीचे पेय इंग्रजी बिअरचा आदर्श नमुना मानले गेले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमधील हौशी मंडळींनी घरच्या स्वयंपाकघरात त्याच्या प्रतिकृती तयार करण्याचा उद्योग आरंभला. वरवर पाहता हा केवळ छंद वाटतो. तथापि त्यातून इतिहासाच्या अभ्यासकासमोर काही मूलभूत प्रश्न उभे राहतात. 'मूळ' पेय म्हणजे नेमके कोणते? ते जतन करण्याचा अधिकार कोणाचा? आणि घरात पेय तयार करण्याच्या सामान्य माणसाच्या हक्कावर राज्यसंस्थेने केव्हा व का मर्यादा घातल्या? प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांच्या अनुषंगाने पेल एलचा उदय, त्याची व्यापारी भरभराट आणि त्याची घरगुती पुनर्निर्मिती यांचा परामर्श घेतला आहे.

१. पेल एलची पूर्वपीठिका

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये 'एल' म्हणजे हॉप या वेलीची फुले न घालता आंबवलेले माल्टचे पेय. बार्ली भिजवून, मोड आणून आणि भट्टीत वाळवून माल्ट तयार होते. पंधराव्या शतकात नेदरलँड्सच्या परिसरातून हॉपचा वापर इंग्लंडमध्ये आला. हॉपमुळे पेयाला कडवटपणा येतोच, शिवाय ते अधिक काळ टिकते. हॉपयुक्त पेयाला 'बिअर' आणि हॉपविरहित पेयाला 'एल' म्हणण्याची पद्धत पुढे काही काळ टिकली. कालांतराने हा भेद पुसट झाला.

त्या काळी हे पेय प्रामुख्याने घरातच तयार होई आणि ते काम मुख्यतः स्त्रियांचे असे. ज्युडिथ बेनेट यांनी १९९६ मध्ये प्रकाशित झालेल्या आपल्या ग्रंथात १३०० ते १६०० या तीन शतकांत हा व्यवसाय स्त्रियांच्या हातून पुरुषांच्या हाती कसा गेला, याचे विवेचन केले आहे. हॉपमुळे पेय टिकाऊ झाले, टिकाऊपणामुळे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन शक्य झाले आणि मोठ्या उत्पादनासाठी भांडवल लागू लागले. भांडवल, पत आणि व्यापारी संघटना ज्यांना उपलब्ध होती ते पुरुष पुढे आले व घरगुती एल करणाऱ्या स्त्रिया मागे पडल्या.

'पेल' अर्थात फिकट रंगाच्या माल्टचा संबंध इंधनाशी आहे. लाकडाच्या धुरावर वाळवलेले माल्ट बहुधा गडद व धुरकट होत असे. सतराव्या शतकाच्या मध्यास डर्बीशायर परगण्यात दगडी कोळशापासून केलेल्या कोकवर माल्ट वाळवण्याची पद्धत रूढ झाली. कोकचा धूर होत नाही आणि उष्णताही अधिक नियंत्रित ठेवता येते. त्यामुळे फिकट, स्वच्छ चवीचे माल्ट मिळू लागले. कोक महाग असल्याने हे माल्ट आणि त्यापासून होणारे एल आरंभी जमीनदार व सुखवस्तू वर्गापुरतेच मर्यादित राहिले.

२. बर्टन : नदी, पाणी आणि बाल्टिक व्यापार

बर्टन हे स्टॅफर्डशायरमधील ट्रेंट नदीकाठचे गाव. तेथील बेनेडिक्टाइन मठाची स्थापना अकराव्या शतकाच्या आरंभीची असून मठाच्या काळापासून तेथील एलची ख्याती होती. अठराव्या शतकाच्या आरंभी ट्रेंट नदी बर्टनपर्यंत नौकानयनास योग्य करण्यात आली आणि हल बंदरामार्गे बाल्टिक समुद्राकडील बाजारपेठ खुली झाली. बर्टनचे गोडसर, गडद व तीव्र एल सेंट पीटर्सबर्गपर्यंत जाऊ लागले. विल्यम बास यांनी १७७७ मध्ये येथे आपली ब्रुअरी काढली. त्याच वर्षी ट्रेंट आणि मर्सी या नद्यांना जोडणारा कालवा पूर्ण झाला, ही बाब लक्षणीय आहे.

हा व्यापार फार काळ सुरळीत चालला नाही. १८०६ मध्ये नेपोलियनने पुकारलेल्या नाकेबंदीने बाल्टिकची वाहतूक विस्कळीत झाली. युद्ध संपल्यानंतर थोडी आशा निर्माण झाली, तोच १८२२ मध्ये रशियाने आयात एलवर जबर जकात बसवली. बर्टनच्या व्यावसायिकांना नवी बाजारपेठ शोधणे अपरिहार्य ठरले.

३. हिंदुस्थानची बाजारपेठ आणि पहिली प्रतिकृती

त्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानात जाणाऱ्या फिकट एलवर लंडनच्या हॉजसन घराण्याचा वरचष्मा होता. जॉर्ज हॉजसन यांनी १७५२ मध्ये स्थापन केलेली बो येथील ब्रुअरी कंपनीच्या गोदीपासून जवळ होती. कंपनीच्या जहाजांच्या कप्तानांना खासगी व्यापाराची मुभा असे. हॉजसन त्यांना अठरा महिन्यांपर्यंतच्या उधारीवर माल देत. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार ते सहा महिन्यांच्या प्रवासानंतर हे एल मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे पोहोचे. लाकडी पिंपात, जहाजाच्या हेलकाव्यांत आणि उष्ण हवामानात ते मुरत जाई आणि हिंदुस्थानातील इंग्रज अधिकारी व व्यापारी त्याला पसंती देत.

हे पेय हॉजसन यांनी खास हिंदुस्थानसाठी शोधून काढले, ही समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. मार्टिन कॉर्नेल यांच्यासारख्या बिअरच्या इतिहासकारांनी ती निराधार ठरवली आहे. इंग्लंडमधील जमीनदारांच्या वाड्यांत तयार होणाऱ्या व वर्ष-दोन वर्षे मुरवल्या जाणाऱ्या 'ऑक्टोबर बिअर'शी त्याचे साम्य होते. समुद्रप्रवासात टिकावे म्हणून ते असाधारण तीव्र केले जाई, हेही खरे नाही. त्या काळच्या इतर पेयांच्या मानाने त्याची तीव्रता मध्यमच होती. शिवाय सामान्य गोऱ्या सैनिकांसाठी हिंदुस्थानात येणारे पेय मुख्यतः काळे 'पोर्टर' होते. फिकट एल हे अधिकारीवर्गाचे पेय होते.

१८२० च्या दशकाच्या आरंभी हॉजसन घराण्याच्या पुढच्या पिढीने उधारी बंद करून, दर वाढवून आणि निर्यातीचा व्यापार स्वतःच्या हाती घेऊन कप्तान व व्यापारी यांचा रोष ओढवून घेतला. १८२२ मध्ये कंपनीचे एक संचालक कॅम्पबेल मार्जोरीबँक्स यांनी बर्टनचे सॅम्युएल ऑल्सप यांना हॉजसनसारखे एल तयार करण्याचे सुचवले. ऑल्सप यांचे माल्ट तयार करणारे कारागीर जॉब गुडहेड यांनी त्याचा पहिला प्रयोग चहाच्या किटलीत केला, अशी हकिकत १८५३ च्या एका ग्रंथात नोंदलेली आहे. किटलीचा तपशील आख्यायिकेच्या स्वरूपाचा असला तरी मुख्य मुद्दा निर्विवाद आहे. पुढे जगभर 'मूळ' म्हणून गौरवले गेलेले बर्टनचे पेल एल हे स्वतःच लंडनच्या पेयाची प्रतिकृती होते.

ही प्रतिकृती मूळ पेयापेक्षा सरस ठरली, याचे कारण बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात होते. भूगर्भातील जिप्समच्या थरांतून झिरपणाऱ्या या पाण्यात कॅल्शियम सल्फेटचे प्रमाण विपुल आहे. कॅल्शियममुळे माल्टमधील विकरांचे कार्य सुधारते व पेय नितळ होते. सल्फेटमुळे हॉपचा कडवटपणा कोरडा व स्पष्ट जाणवतो. लंडनच्या कार्बोनेटयुक्त पाण्यात हे साधत नसे. पुढे अन्य ठिकाणच्या पाण्यात जिप्सम मिसळून ते बर्टनसारखे करण्याची प्रक्रिया रूढ झाली व तिला 'बर्टनायझेशन' असे नाव पडले. थोडक्यात, गावाच्या नावाचे एका रासायनिक क्रियापदात रूपांतर झाले.

४. शास्त्र, रेल्वे आणि व्यापारचिन्ह

रेल्वे १८३९ मध्ये बर्टनला पोहोचली आणि हे पेय देशांतर्गत बाजारपेठेतही स्वस्तात जाऊ लागले. लंडनचे सेंट पँक्रास स्थानक १८६८ मध्ये खुले झाले. त्याच्या तळघरातील खांबांमधील अंतर बर्टनहून येणाऱ्या बिअरच्या पिंपांच्या मापावरून ठरवण्यात आले होते. १८७० च्या दशकात बास ही जगातील सर्वांत मोठी ब्रुअरी मानली जाऊ लागली. १ जानेवारी १८७६ रोजी ब्रिटनमध्ये व्यापारचिन्हांची नोंदणी सुरू झाली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर बासच्या लाल त्रिकोणाची नोंद झाली. एदुआर माने यांच्या १८८२ च्या प्रसिद्ध चित्रात पॅरिसमधील मद्यगृहाच्या टेबलावर हाच त्रिकोण असलेल्या बाटल्या दिसतात.

याच काळात बर्टन हे जीवरसायनशास्त्राचे एक महत्त्वाचे केंद्र बनले. ऑल्सप यांच्याकडे पीटर ग्रीस, बासकडे कॉर्नेलियस ओ'सुलिव्हन आणि वर्दिंग्टनकडे होरेस ब्राउन हे नामवंत रसायनशास्त्रज्ञ कार्यरत होते. लुई पाश्चर यांनी १८७१ मध्ये लंडनच्या एका ब्रुअरीस भेट दिली आणि १८७६ मध्ये त्यांचा बिअरविषयक ग्रंथ प्रसिद्ध झाला. बर्टनचे वैशिष्ट्य असलेली 'युनियन' पद्धतीही एकोणिसाव्या शतकातील होय. तिचे पेटंट १८३८ चे आहे. या पद्धतीत पिंपांची रांग नळ्यांनी वरच्या पन्हाळीला जोडलेली असे. आंबताना उसळणारा यीस्टचा फेस नळीतून पन्हाळीत जाई, तेथे यीस्ट साठे आणि नितळ एल पुन्हा पिंपात परत येई.

हे यीस्ट एकाच वाणाचे नसे. कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी १८८३ मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवण्याचे तंत्र यशस्वी केले. परंतु इंग्रजी ब्रुअर ते स्वीकारण्यास दीर्घकाळ नाखूश होते. त्यांच्या मुरवलेल्या एलची खास चव मिश्र यीस्टवर अवलंबून होती. त्याच प्रयोगशाळेतील निल्स क्लाउसेन यांनी १९०४ मध्ये इंग्रजी एलमधील एका संथ वाढणाऱ्या यीस्टचे वर्णन करून त्यास 'ब्रेटॅनोमायसिस' हे नाव दिले, त्यावरून इंग्रजी ब्रुअरांची भूमिका निराधार नव्हती हे स्पष्ट होते.

५. अबकारी धोरण आणि घरगुती निर्मिती

एकीकडे बर्टनची भरभराट होत असताना दुसरीकडे घरगुती निर्मिती क्षीण होत होती. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून माल्टवर कर होता व तो घरगुती वापरासाठीही चुकत नसे. विल्यम कॉबेट यांनी १८२१-२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'कॉटेज इकॉनॉमी' या पुस्तकात मजुरांनी घरीच बिअर करावी असा आग्रह धरला आणि माल्टवरील करामुळे गरिबांच्या घरातून हे पेय हद्दपार होऊन चहा आल्याबद्दल संताप व्यक्त केला. ग्लॅडस्टन यांनी १८८० मध्ये माल्टवरील कर रद्द करून तो पेयातील विद्राव्य शर्करेच्या प्रमाणावर, म्हणजे विशिष्ट गुरुत्वावर बसवला. कारखानदारांना त्यामुळे साखर व अन्य धान्ये वापरण्याचे स्वातंत्र्य मिळाले. परंतु घरी बिअर करणाऱ्यास मात्र परवाना घेणे आवश्यक झाले.

याच्या दोनच वर्षे आधी, १८७८ मध्ये, मुंबई इलाख्यात अबकारी कायदा लागू झाला होता. त्यामागील महसुली तर्क निराळा नव्हता : विखुरलेली घरगुती निर्मिती मोजता येत नाही, म्हणून ती एकवटावी आणि तिच्यावर कर घ्यावा. परिणाम मात्र निराळे झाले. इंग्लंडमधील गृहस्थाला परवाना मिळू शकत होता. ठाणे, कुलाबा या जिल्ह्यांतील आदिवासींना मोहाची दारू गाळण्यास बंदी झाली आणि १८९२ च्या मोह-विषयक कायद्याने तर मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आणले. पुढे १९२२ मध्ये दक्षिण गुजरातमधील आदिवासींनी देवीच्या आदेशानुसार दारू सोडण्याचे जे आंदोलन केले, त्याची पार्श्वभूमी डेव्हिड हार्डिमन यांनी सावकार व पारशी दारू-विक्रेते यांच्या वर्चस्वात शोधली आहे. मक्ता पद्धतीने उभे केलेले हे वर्चस्व अबकारी धोरणाचेच अपत्य होते. स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याने नैतिक भूमिका स्वीकारली. तथापि परवान्यावाचून घरी मद्य तयार करणे हा गुन्हा राहिला आणि महाराष्ट्रात तो आजही आहे. त्यामुळे येथे ज्या घरगुती पुनर्निर्मितीचे विवेचन केले आहे, ती मुख्यतः ब्रिटनमधील घटना होय.

६. परवानामुक्ती आणि प्रतिकृतींचा काळ

पहिल्या महायुद्धात धान्यटंचाई व करवाढ यांमुळे ब्रिटिश बिअरचे सरासरी मूळ विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०५२ वरून १.०३० च्या आसपास घसरले. युद्धानंतर त्यात काही सुधारणा झाली, परंतु व्हिक्टोरियन काळातील तीव्र, दीर्घकाळ मुरवलेले पेल एल परतले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर लहान ब्रुअरींचे विलीनीकरण झाले आणि गाळून, निर्जंतुक करून, कृत्रिम वायू भरलेली 'केग' बिअर सर्वत्र पसरली.

या पार्श्वभूमीवर १९६३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी घरगुती निर्मितीवरील परवाना व कर रद्द केला. विक्रीस बंदी कायम राहिली. स्वतःच्या वापरासाठी मात्र मुभा मिळाली. अमेरिकेत अशी मुभा १९७८ च्या कायद्याने मिळाली. ब्रिटनमध्ये लगोलग मार्गदर्शक पुस्तके आली. १९७१ मध्ये पारंपरिक एलच्या रक्षणार्थ 'कॅमरा' ही ग्राहक चळवळ उभी राहिली. डेव्ह लाइन यांनी १९७८ च्या आपल्या पुस्तकात बाजारातील प्रसिद्ध बिअरांसारखी बिअर घरी करण्याच्या कृती दिल्या. ग्रॅहम व्हीलर आणि रॉजर प्रोट्झ यांचे १९९३ चे पुस्तक त्याच परंपरेतील होय. १९७० च्या दशकातच 'डर्डन पार्क बिअर सर्कल' या हौशी मंडळाने ब्रुअरींच्या जुन्या नोंदवह्यांवरून लुप्त बिअर पुन्हा तयार करण्यास आरंभ केला व १९७६ मध्ये आपले निष्कर्ष पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. कारखान्याची रोजची नोंदवही हे इतिहासाचे साधन आहे, ही जाणीव व्यावसायिक इतिहासकारांइतकीच या हौशी मंडळींनीही रुजवली.

७. पुनर्निर्मितीची कृती आणि तिच्या मर्यादा

एकोणिसाव्या शतकातील बर्टन पेल एलची घरगुती प्रतिकृती करताना सामान्यतः पुढील पद्धत अनुसरली जाते. पाच गॅलन, म्हणजे सुमारे २२.७ लिटर पेयासाठी साडेसहा किलोच्या आसपास फिकट माल्ट भरडून घेतात. पाण्यात जिप्सम मिसळतात. सुमारे ६५ ते ६७ अंश सेल्सिअस तापमानात माल्ट तास-दीड तास भिजत ठेवल्यावर त्यातील पिष्टाचे शर्करेत रूपांतर होते. हा गोड काढा गाळून हॉपसह उकळतात, गार करतात व यीस्ट घालून आंबवतात. मूळ विशिष्ट गुरुत्व १.०६५ च्या आसपास धरले जाते. जुन्या नोंदींत हॉपचे प्रमाण १६४ लिटरच्या बॅरलला पाच-सहा पौंड असे आढळते. त्या हिशेबाने २२.७ लिटरला तीनशे ग्रॅमहून अधिक हॉप लागतो. आजच्या सामान्य बिटरपेक्षा हे प्रमाण कितीतरी पटींनी जास्त असल्याने ताजे पेय असह्य कडू लागते. महिनोन्‌महिने मुरल्यावरच ते पिण्याजोगे होते. नोंदवहीतील आकडा आणि जिभेचा अनुभव यांची सांगड येथे पडते. बर्टनमध्ये हे एल पिंपांतून दीर्घकाळ का साठवले जाई, हे कागदावरून समजते. पण त्याची निकड प्रत्यक्ष कृतीतूनच पटते.

तथापि या पुनर्निर्मितीस मर्यादा आहेत. पहिली मर्यादा धान्याची. आज घरगुती प्रतिकृतींसाठी लोकप्रिय असलेला 'मॅरिस ऑटर' हा बार्लीचा वाण १९६० च्या दशकातील आहे, तर व्हिक्टोरियन काळातील प्रमुख वाण 'शेव्हेलियर' विसाव्या शतकात लागवडीतून गेला. नॉरिच येथील जॉन इनेस सेंटरच्या बीजसंग्रहातून अलीकडे त्याचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा कुठे जुन्या कृतींना जुने धान्य मिळाले. दुसरी मर्यादा यीस्टची. पिढ्यान्‌पिढ्या घरगुती कर्ते वर्दिंग्टनच्या 'व्हाइट शील्ड' या बाटलीत मुरणाऱ्या एलच्या तळाशी बसलेले यीस्ट वाढवून वापरीत असत. विरजणाने विरजण लावावे, तशी ही परंपरा होती. परंतु यीस्टची रचना काळानुसार बदलते. त्यामुळे ते १८५० चे यीस्ट आहे, असे म्हणता येत नाही.

८. मूळ कोणते?

मूळ उत्पादकांकडे तरी 'मूळ' शिल्लक आहे काय, हा प्रश्न येथे अपरिहार्यपणे उपस्थित होतो. बासच्या बर्टन येथील युनियन १९८० च्या दशकात बंद झाल्या. कंपनीचा बिअर-व्यवसाय २००० मध्ये बेल्जियमच्या इंटरब्रूने घेतला. स्पर्धाविषयक नियामकांच्या हस्तक्षेपानंतर २००२ मध्ये बर्टनचा कारखाना अमेरिकेच्या कूर्सकडे गेला. 'बास' हे नाव मात्र इंटरब्रूकडेच राहिले. २००५ पासून पिंपातील बास हे एकेकाळचे प्रतिस्पर्धी मार्स्टन्स यांच्या कारखान्यात कराराने तयार होऊ लागले. त्याची अल्कोहोलची मात्रा ४.४ टक्के आहे. व्हिक्टोरियन पेयाहून ती बरीच कमी आहे. बर्टनमधील बिअरचे संग्रहालय २०२२ मध्ये बंद झाले. २०२४ मध्ये मार्स्टन्सच्या कारखान्यातील अखेरच्या युनियनही निवृत्त झाल्या. त्यांतील एक संच डर्बीशायरमधील थॉर्नब्रिज या छोट्या ब्रुअरीने नेऊन कार्यान्वित केला. नाव एकाकडे, विहीर दुसऱ्याकडे, पिंपे तिसऱ्याकडे आणि कृती हौशी मंडळींच्या वह्यांत, अशी आजची स्थिती आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. बर्टनचे पेल एल हे आरंभापासूनच अनुकरणातून घडले. त्यामुळे घरगुती प्रतिकृतीस केवळ नक्कल म्हणून गौण लेखणे इतिहासाला धरून होणार नाही.

२. घरगुती निर्मितीचा ऱ्हास हा केवळ तांत्रिक प्रगतीचा परिणाम नव्हता. महसूल गोळा करण्याच्या सोयीने त्यास गती दिली. हाच तर्क वसाहतीत राबवला गेला, तेव्हा त्याचा भार सर्वाधिक दुर्बल घटकांवर पडला.

३. व्यापारचिन्ह कायद्याने नावाचे रक्षण केले. पेयाचे रक्षण केले नाही. नावाचे स्वामित्व आणि ज्ञानाचे जतन या दोन भिन्न बाबी आहेत.

४. जुन्या नोंदवह्यांचे प्रत्यक्ष कृतीत रूपांतर करणे ही इतिहासलेखनास पूरक अशी पद्धती आहे. तिच्या मर्यादा मान्य करूनही, कागदपत्रांतून न कळणारे काही तिच्यातून निश्चित कळते.

आपल्याकडेही अन्न, पेय, रंग, धातुकाम अशा अनेक क्षेत्रांतील ज्ञान घराघरांत व कारागिरांच्या हातांत विखुरलेले आहे आणि त्यातील बरेचसे कोणत्याही दप्तरात नोंदलेले नाही. बर्टनच्या बाबतीत निदान नोंदवह्या उरल्या आणि त्या वाचून पाहण्याइतकी आस्था असणारी माणसे निघाली. जेथे नोंदवहीच नाही, तेथे कर्त्याचा हात थांबण्यापूर्वी त्याच्या कृतीची नोंद करणे, हे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांपुढील निकडीचे कार्य होय.